दौंडच्या भिंती

दौंड म्हटले की बाहेरगावच्या माणसाला गाव आठवत नाही, स्टेशन आठवते. पुण्याकडून नगर-मनमाडला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागायचे. तेवढ्या वेळात लोक खाली उतरत, चहा घेत, पाण्याच्या बाटल्या भरत आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसत. आता बाहेरून कॉर्ड लाइन झाली आहे. काही गाड्या मुख्य स्टेशनात न येताच वळून जातात आणि गावाची ती अर्ध्या तासाची ओळखही कमी झाली.

"तुमच्या दौंडमध्ये पाहण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न नात्यातल्या लोकांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की मी उत्तर देणे सोडून दिले होते. गावात लेणी नाहीत, घाट नाही, थंड हवा तर नाहीच. भीमा नदी आहे, राज्य राखीव पोलीस दलाची मैदाने आहेत, रेल्वेच्या वसाहती आहेत आणि गावाबाहेर पडले की ऊस आहे. पाहुण्याला रविवारी कुठे न्यावे हा आम्हा दौंडकरांचा जुना पेच.

गेली तीन वर्षे मात्र माझ्याकडे एक उत्तर आहे. मी पाहुण्यांना भिंती दाखवायला नेते. आधी ते हसतात. मग मोबाईल काढतात.

नकाशा कुठला?

हे ठरवून सुरू झाले नाही. जून महिना होता. शाळा सुटल्यावर अचानक पाऊस आला म्हणून मी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. भाईजानला फोन लावायला मोबाईल काढला, ओल्या बोटाने भलतेच काहीतरी दाबले गेले आणि समोरच्या भिंतीचा फोटो निघाला. रात्री माझी भाची माझा मोबाईल चाळत होती. ती म्हणाली, "फुप्पी, हा नकाशा कुठला?"

मी पाहिले. निळा समुद्र, पिवळट किनारा, मध्ये तांबूस बेटे आणि वरून खाली वाहत आलेली एक काळी नदी. मलाही क्षणभर कळेना. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. निळा म्हणजे नीळ घातलेला चुना. पिवळा म्हणजे त्याच्या खालचा जुना थर. बेटे म्हणजे पोपडे गळून उघड्या पडलेल्या विटा. आणि नदी म्हणजे गच्चीच्या फुटक्या पन्हाळीतून वर्षानुवर्षे ओघळलेले पाणी. त्या रस्त्याने मी सतरा वर्षे शाळेत जात होते आणि ती भिंत मी कधी पाहिली नव्हती.

तेव्हापासून रविवारी फज्रनंतर तासभर मी गावात फिरते. आधी ओढणीच्या टोकाने मोबाईलची काच पुसते. मग भिंतीच्या अगदी समोर, सरळ उभी राहते. खिडकी, दार, पाटी, विजेचा मीटर असे काहीही फोटोत येऊ द्यायचे नाही. आले की ती भिंत राहते. काहीच आले नाही की भिंत हातभर आहे की कोसभर, हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि मग तिचे चित्र होते. लांबून मोठे करून फोटो काढण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे बरे. दुपारचे ऊन कामाचे नाही, त्यात सगळे सपाट दिसते. सकाळचे तिरपे ऊन पडले की पोपड्याच्या प्रत्येक कडेला सावली मिळते. पाऊस पडून गेल्यावर रंग गडद होतात. एवढेच माझे फोटोशास्त्र. स्टेशनच्या आत आणि रुळांजवळ मी फोटो काढत नाही. तिथे परवानगी लागते. गावातल्या गल्ल्या मला पुरेशा आहेत.

थरांचे गाव

दौंडच्या भिंती अशा का आहेत, हे समजायला गावाचा जन्म पाहावा लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता १८५८ मध्ये पुण्याला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी पुण्याहून दौंडमार्गे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडी आली. साहेब लोक गावाचे नाव 'धोंड' असे लिहीत. रेल्वेबरोबर माणसे आली. इंजिन चालवणारे, कोळसा ओढणारे, रूळ ठोकणारे, चहा विकणारे. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, ख्रिस्ती होते, आमच्यासारखे मुसलमानही होते. माझे मरहूम अब्बा कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले.

घरे बांधली गेली ती काळ्या दगडाची आणि विटांची, वर चुन्याचा गिलावा. सरकारी इमारतींना रेल्वेचा ठरलेला रंग, घरांना ज्याच्या त्याच्या ऐपतीचा. त्यावर इंजिनांचा धूर बसला. मला लहानपणीची शेवटची कोळशाची इंजिने अंधूक आठवतात. अम्मी दोरीवरचे कपडे धूर दिसताच आत घ्यायची. कपडे आत घेता येत होते, भिंती बाहेरच राहिल्या.

बाकीचे मला वर्गातल्या एका मुलाने शिकवले. मी सातवीला मराठी शिकवते. हा मुलगा वाचनात कच्चा. धडा वाचायला उभा केला की मान खाली घालायचा. एकदा मोकळ्या तासाला मी मुलांना शाळेच्या मागच्या भिंतीजवळ नेले आणि विचारले, काय दिसते? कोणाला घोडा दिसला, कोणाला ढग. एका मुलीला भेगेत 'लाम-अलिफ' दिसला आणि खरेच तो तिथे होता. हा मुलगा मात्र भिंतीला नाक लावून उभा होता.

"टीचर," तो म्हणाला, "सबसे नीचे चुना है. उसके ऊपर गेरू मारा. फिर डिस्टेंपर. ये हरा है ना, ये ऑइल पेंट. उसके अंदर हवा फँसी, इसलिए फुगा."

त्याचे वडील रंगकाम करतात. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर खरवडायला जातो. पुढची वीस मिनिटे त्याने आम्हाला शिकवले. चुना श्वास घेतो, म्हणजे त्यातून ओल बाहेर पडते. ऑइल पेंट ओल अडवून धरतो. अडलेली ओल रंगाला ढकलते आणि फोड येतो, फोड फुटला की पोपडा. जोत्याजवळ पांढरी पूड दिसते तो लोणा. जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून गिलावा पोखरतात. घाईचा रंगारी लोण्यावरच रंग मारतो, तो वर्षभरात पडतो. "मेरे अब्बा पहले खरवडते, सूखने देते, फिर मारते," हे त्याने जरा मान वर करून सांगितले. त्या दिवसानंतर तो धडा वाचायला उभा राहतो. अजून अडखळतो, पण मान वर असते.

म्हणजे प्रत्येक डागाला कारण आहे. जुन्या पेठेतल्या एका घराला पाच रंगांचे थर आहेत. शालिमार चौकाच्या बाजूच्या एका भिंतीवर जाहिरातींचे कागद एकावर एक चिकटवून फाडलेले आहेत. त्यात एका उमेदवाराचे जोडलेले हात, शिकवणी वर्गाच्या फलकावरची गुणांची टक्केवारी आणि सर्कशीतल्या वाघाचे शेपूट शेजारी शेजारी उरले आहे. कुरकुंभ मोरीतून जाताना भिंतींवर वरून झिरपलेल्या पाण्याचे पांढरे-काळे ओघळ दिसतात. पावसाळ्यात मोरीत पाणी साचले की आम्ही सगळे कपाळाला आठ्या घालून, कपडे वर धरून तिथून जातो, तेव्हा भिंतीकडे पाहण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतो. उन्हाळ्यात पाहा. धुक्यातल्या झाडांची रांग उभी आहे असे वाटते.

भिंतीकडे पाहणारे लोक

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना मी भीतभीत काही फोटो दाखवले. ते म्हणाले, "बाई, याला अमूर्त चित्र म्हणतात. फरक इतकाच की ते कुणी काढलेलं नाही." त्यांनी काही नावे सांगितली आणि मी वाचत गेले.

पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने होतकरू चित्रकारांना सल्ला दिला होता की डाग पडलेल्या भिंतींकडे नीट पाहा. त्यांत डोंगर, नद्या, झाडे, लढाया दिसतील. अमेरिकेतल्या आरोन सिस्किंडची गोष्ट मला जवळची वाटली, कारण तो मास्तर होता. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत त्याने वीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवले. लग्नाच्या वेळी भेट मिळालेल्या कॅमेऱ्याने तो फोटो काढू लागला. आधी त्याने माणसांचे, वस्त्यांचे फोटो काढले. १९४० नंतरच्या काळात तो सोललेला रंग, फाटलेले कागद, भिंतीवरचे ओघळ यांच्याकडे वळला आणि आयुष्यभर तेच करत राहिला.

पण सर्वांत जास्त मन गुंतले ते नसरीन मोहंमदी यांच्यात. जन्म १९३७, कराची. वाढल्या मुंबईत. लंडनला चित्रकला शिकल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, पक्षी नाही. पेन्सिल आणि शाईच्या बारीक, सरळ रेषा, बस. या रेषा त्यांना कुठे सापडल्या असतील? त्या फोटो काढत असत: रस्त्यावरचे पट्टे, अंगणातल्या फरश्या, वाळूवरचे उंचवटे, फतेहपूर सिक्रीच्या दगडी कडा, त्यांवर पडलेल्या सावल्या. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. पुढे आजाराने हात साथ देईनासा झाला, तरी रेषा सरळच येत राहिल्या. १९९० मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचे प्रदर्शन होते. किहीमला सहलीला आपल्यातली कितीतरी कुटुंबे जातात. हे नाव मात्र आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नाही.

आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला की आणखी एक नाव घ्यायला हवे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्न अल्-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीच्या लहानशा छिद्रासमोर दिवे मांडून प्रकाश कसा आत येतो ते तपासले. प्रकाश डोळ्यातून वस्तूकडे जात नाही, वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी 'किताबुल मनाजिर'मध्ये मांडले. एवढे आम्ही मुलांना खोक्याला भोक पाडून दाखवतो. पण त्याच ग्रंथात त्यांनी पुढचीही गोष्ट सांगितली आहे. पाहणे नुसत्या डोळ्याने पुरे होत नाही. आधी पाहिलेले आठवून, ओळखून, ताडून मन ते पुरे करते. तोच प्रकाश दोन माणसांच्या डोळ्यांत शिरतो आणि दोघांना वेगळे दिसते. याचा अर्थ मला पुढे दोनदा कळला.

"घर पाडणार का?"

पहिल्यांदा कळला तो एका गल्लीत. डाळिंबी रंगाची भिंत, तिच्यावर काळ्या-हिरव्या शेवाळाची लाट आणि मधोमध पांढऱ्या लोण्याची फुले. इतके सुंदर चित्र मला त्या महिन्यात मिळाले नव्हते. मी चौथा फोटो काढत असताना दार उघडले आणि एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हात पिठाने भरलेले.

"बाई, नोटीस लावायला आलात का? घर पाडणार का?"

मी म्हटले, नाही मावशी, मी शाळेत शिकवते, भिंत छान दिसते म्हणून फोटो काढतेय.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "छान?" एवढेच म्हणाल्या. मग मला आत घेऊन गेल्या. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला पलंग होता. पलंगावर नातू झोपला होता, त्याच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. भिंतीला हात लावला तर थंडगार, ओली. "पावसात रात्रभर पलंग ओढतो आम्ही, इकडून तिकडं," त्या म्हणाल्या. "मिस्त्री म्हणतो, खालपासून गिलावा काढायला हवा. आता बघू, पोरगं म्हणतंय दिवाळीनंतर."

मला काय बोलावे ते सुचेना. बाहेर जे माझ्यासाठी शेवाळाची लाट होते, ते आत त्या मुलाच्या छातीत होते. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. तर त्याच म्हणाल्या, "दाखवा की, काय काढलंत." दाखवले. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. आणि मग बोटाने दाखवत सांगू लागल्या, हा तांबडा थोरलीच्या लग्नाला दिला होता. त्याच्या आत निळा दिसतो तो मालक होते तेव्हाचा. ही भेग कशाने पडली, ही खोक कशाने पडली. मला जे एक चित्र दिसत होते, त्यात त्यांचे सगळे लग्नकार्य आणि सगळे सुतक होते.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. विचारल्याशिवाय कोणाच्या घराच्या भिंतीचा फोटो काढायचा नाही. आणि काढलेला फोटो घरच्यांना दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. दिवाळीनंतर त्या भिंतीचा गिलावा झाला. माझे चित्र गेले. मला आनंद झाला, हे मी मनापासून लिहीत आहे. जुनी भिंत तशीच राहावी असे म्हणणारा माणूस बहुधा कोरड्या खोलीत झोपत असतो.

ओट्यावरची जागा

दुसऱ्यांदा कळला तो आमच्याच घरी, म्हणजे माझ्या माहेरी.

आमच्या घरात कधी फोटो लावले गेले नाहीत. अम्मीचे म्हणणे, ज्या घरात जिवाच्या तसविरी टांगलेल्या असतात तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत. कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल आलिम मंडळींत मतभेद आहेत हे तिला माहीत आहे. ओळखपत्राला, पासपोर्टला तिची हरकत नव्हती. पण भिंतीवर नको. तिच्या अब्बांकडून तिला मिळालेली ती शिस्त होती आणि अब्बांनीही ती पाळली. त्यामुळे अब्बा गेले तेव्हा आमच्याकडे त्यांचा एकच फोटो होता, पेन्शनच्या कागदावर अम्मीसोबत काढलेला. त्यांच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत गोल शिक्का उमटलेला आहे. तो फोटो पाहिला की शिक्काच दिसतो, अब्बा दिसत नाहीत. माझ्या भाचीने आपल्या दादाला पाहिलेलेच नाही.

रिटायर झाल्यावर अब्बा रोज असरनंतर ओट्यावर बसत. पाठ भिंतीला, डोके मागे टेकलेले, डोळे मिटलेले. स्टेशनातून गाडी निघाल्याचा आवाज आला की डोळे न उघडताच कोणती गाडी, किती उशीर, ते सांगत. डोक्याला आवळ्याचे तेल. वर्षांमागून वर्षे त्या एका जागी डोके टेकून भिंतीवर वाटोळा डाग पडला होता. त्याच्या खाली पाठ घासून गिलावा गुळगुळीत झालेला. रमजान ईदच्या आधी दरवर्षी नीळ घातलेला चुना दिला जायचा आणि बकरी ईद येण्याआधी डाग पुन्हा वर यायचा. तेलावर चुना धरत नाही. अम्मी कुरकुर करायची, "पूरी दिवार खराब करके रखे." अब्बा हसायचे आणि तिथेच टेकायचे.

ते जाऊन वीस वर्षे झाली. दरवर्षी चुना दिला आणि दरवर्षी तो डाग वर आला, फिकट होत होत, मधासारखा पिवळा. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. अम्मीने कुरकुर करणेही बंद केले होते.

गेल्या वर्षी भाचीचा निकाह ठरला. घराला डागडुजी हवी होती. ओट्याच्या भिंतीला लोणा लागला होता, खालून गिलावा सुटत होता. भाईजानने मिस्त्री ठरवला: जुना गिलावा काढायचा, सिमेंटचा करायचा, वर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट. त्याचे काही चुकत नव्हते. लग्नघर होते, माणसे येणार होती. आणि त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी जे मी शिकले ते आपल्या घरी विसरून चालणार नव्हते.

मिस्त्री येण्याच्या आदल्या दिवशी मी फज्रनंतर माहेरी गेले. ऊन ओट्यावर येईपर्यंत थांबले. तीन वर्षांत शिकलेले सगळे त्या सकाळी वापरले. काच पुसली, सरळ उभी राहिले, खिडकीची कड बाहेर ठेवली. मग मला वाटले, मी चुकतेय. म्हणून खाली बसले, जिथून अब्बांच्या समोर बसून मी पाढे म्हणायचे तिथे, आणि तिथून फोटो घेतला. तिरप्या उन्हात वीस चुन्यांचे थर दिसत होते. फिकट निळ्यात मधाचा एक गोळा आणि त्याच्याभोवती बारीक भेगांचे जाळे.

स्टुडिओत मोठा करायला दिला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, चंद्र आहे ना हा?" चित्रकलेच्या सरांनी रंगसंगतीचे कौतुक केले. मी दोघांनाही काही सांगितले नाही.

फोटो घेऊन अम्मीकडे गेले तेव्हा गिलावा झाला होता, घरभर ओल्या सिमेंटचा वास होता. अम्मीच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, तरी तिला नीट दिसत नाही. तिने कागद हातात घेतला. मी म्हटले, ओळख पाहू काय आहे. तिने एक क्षणही घेतला नाही.

"ये तो तेरे अब्बा बैठते थे वो जगा."

मग ती बराच वेळ त्या पिवळ्या गोळ्यावर तळहात ठेवून बसली. भाची शेजारी येऊन बसली. अम्मीने तिला सांगायला सुरुवात केली, तेल कोणते, गाड्या कशा ओळखायचे, कुरकुर केली की हसायचे कसे. दादाबद्दल एवढे त्या मुलीने एका वेळी कधी ऐकले नव्हते. शेवटी अम्मी भाईजानला म्हणाली, "खिळा मार. इसमें जानदार तो कुछ नै."

आमच्या घरच्या भिंतीवर लागलेला तो पहिला फोटो.

ईद आली, लग्नकार्य आले की आपण सगळे घराला रंग देतो. द्यायलाच हवा. ओल काढा, लोणा खरवडा, लेकरांना कोरड्या खोलीत झोपवा. पण रंगारी येण्याच्या आदल्या दिवशी एकदा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हाताला धरून भिंतींजवळून फिरवा. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या रेघा असतील, चुलीमागे धुराचा पट्टा असेल, पाळण्याच्या दोरीने घासलेली तुळई असेल. विचारा, हे कशाचे. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहेच, एक फोटो घ्या. आणि त्याच्या मागे दोन ओळी लिहून ठेवा, कारण ज्यांना ते ओळखता येते ती माणसे गेली की उरतो तो नुसता डाग, फार तर एक सुंदर चित्र.

आणि कधी दौंडला उतरलात तर गावात या. चहा आमच्याकडे. भिंती मी दाखवीन.